श्राव्य नाट्यातील विकल्प आणि भयानक रस

परभणी तालुक्यातील पोखर्णी हे गाव मराठवाड्यात नृसिंहाचे गाव म्हणून ओळखले जाते. परभणी-परळी लोहमार्गावरील तेथील स्थानकाच्या नावातही ह्या देवाचे नाव जोडलेले आहे. अनेक घराण्यांचे कुलदैवत असलेल्या ह्या दैवताची कथा लहानथोरांना मुखोद्गत असते; तथापि तिच्या एका अंगाकडे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू स्तंभावर मुष्टिप्रहार करतो तेव्हा प्रथम काही दिसत नाही, ऐकू येते. ब्रह्मांडाचे कवच तडकावे असा तो नाद होतो, सभा हादरते, आणि स्वतः दैत्यराज त्या नादाचा उगम शोधू लागतो. पण तो त्याला सापडत नाही. रूप प्रकट होते ते ह्यानंतर. श्रवण आणि दर्शन ह्यांच्यामध्ये पडलेले हे अंतर क्षणभराचेच आहे. परंतु आख्यानातील भयानकाचे वास्तव्य त्या क्षणातच आहे. रूप दिसू लागताच अद्भुत आणि रौद्र ह्यांचे राज्य सुरू होते.

केवळ कानांसाठी लिहिल्या जाणाऱ्या भयनाट्याचा विचार करताना हा क्षण समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. अलीकडे ह्या नाट्याचा एक नवा प्रकार पुढे आला आहे. त्यात ठराविक ठिकाणी कथन थांबते, श्रोत्यापुढे दोन किंवा अधिक विकल्प ठेवले जातात, आणि त्याच्या उत्तरानुसार पुढील प्रसंग ऐकू येतो. अशा नाट्याला बहुशाख श्राव्य नाट्य म्हणता येईल, आणि जेथे ते दुभंगते त्या जागेला 'फाटा' हा रोजच्या व्यवहारातला शब्द पुरेसा आहे. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोखर्णीचाही फाटा आहे. तेथे उतरणाऱ्याला कोणत्या बाजूने जावयाचे हे ठाऊक असते. नाट्यातील श्रोत्याला ते ठाऊक नसते, आणि ह्या अज्ञानातूनच भय निर्माण होते असे ह्या प्रकारचे लेखन करणारे बहुधा गृहीत धरतात. फाटे जितके अधिक तितकी अनिश्चितता अधिक, आणि अनिश्चितता जितकी अधिक तितके भय अधिक, असा तो हिशेब असतो. हा हिशेब तपासून पाहावयास हवा.

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजन्माचे कीर्तन ऐकावयास बसलेल्या श्रोत्याला पुढे काय होणार ह्याविषयी यत्किंचितही शंका नसते. स्तंभ फुटणार, दैत्य उंबरठ्यावर मारला जाणार, प्रल्हादाला अभय मिळणार, हे सर्व त्याला बालपणापासून माहीत असते. असे असूनही कीर्तनकार आवाज खाली आणतो, मृदंग थांबतो, आणि 'ह्या खांबात आहे का तुझा देव?' हा प्रश्न येतो, तेव्हा मंडपातील लहान मूल आईला बिलगते आणि मोठी माणसेही श्वास रोखतात. शेवट निश्चित असताना जे भय उत्पन्न होते ते शेवटाच्या अनिश्चिततेतून आलेले असू शकत नाही. अर्थात केवळ शेवटांची संख्या वाढविल्याने भय वाढेल हा समज पायाशीच ढासळतो. वाढते ते कुतूहल. कुतूहल ही निराळी वस्तू आहे. ती रहस्यकथेची सामग्री होय.

मग श्राव्य नाट्यातील भय कशातून येते? भरताने भयानकाचे विभाव सांगताना विकृत रवाचा, म्हणजे बिघडलेल्या, अनोळखी झालेल्या आवाजाचा उल्लेख आरंभीच केलेला आहे. भुतांचे दर्शन, कोल्हे-घुबडांपासून होणारा त्रास, ओसाड घर आणि अरण्य ही त्यानंतर येतात. रंगभूमीचा विचार करणाऱ्या शास्त्रकारानेही कानाला असे अग्रस्थान द्यावे हे लक्षणीय आहे. नभोनाट्याच्या इतिहासाचा आरंभही अंधारातच झालेला आहे. रिचर्ड ह्यूज ह्यांची 'डेंजर' ही ध्वनिक्षेपणासाठी लिहिलेल्या पहिल्या नाटिकांपैकी एक मानली जाते; ती १५ जानेवारी १९२४ रोजी बी.बी.सी.वरून सादर झाली. कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यावर अडकलेल्या माणसांची ती कथा. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. माध्यमाची उणीव हीच कथेची परिस्थिती झाली. मुंबईचे केंद्र १९२७ साली आणि पुण्याचे १९५३ साली सुरू झाल्यानंतर मराठीत श्रुतिका आणि नभोनाट्य ह्यांची जी परंपरा उभी राहिली, तिनेही हेच सूत्र नाना रीतींनी वापरले. मात्र ध्वनिक्षेपण एकमार्गी होते. ग्रामपंचायतीच्या एका रेडिओभोवती बसलेल्या पन्नास जणांना एकच प्रसंग एकाच वेळी ऐकू येई, आणि श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय त्या पेटीत नव्हती. आज श्रोता बहुधा एकटा असतो, आवाज त्याच्या कानाशी असतो आणि यंत्र त्याचे उत्तर ऐकू शकते. ह्या तीन बदलांपैकी एकटेपणाचा बदल भयकथेच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो.

विकल्प म्हणजे काय ह्याचा निर्णय करण्यासाठी पाश्चात्त्य उदाहरणांकडेच धाव घेण्याचे कारण नाही. एडवर्ड पॅकार्ड ह्यांच्या 'द केव्ह ऑफ टाइम' ह्या १९७९ सालच्या पुस्तकापासून वाचकाने मार्ग निवडावयाच्या बालपुस्तकांची मोठी माला निघाली, हे खरे. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये आलेल्या आयन रँड ह्यांच्या 'नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ' ह्या नाटकात प्रेक्षकांतील काही जण ज्यूरी म्हणून बसत आणि त्यांच्या निकालाप्रमाणे शेवट बदले, हेही खरे. परंतु भीती, आवाज आणि विकल्प ह्या तिहींचा संयोग जिच्यात पूर्णत्वाला गेला आहे अशी रचना ह्याच गोदावरीच्या खोऱ्यातली म्हणून सांगितली जाते. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील वेतालकथांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा राजा. पोखर्णीच्या दक्षिणेस गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी ती पैठणचीच. पुढे लोककथांनी ह्या राजाला उज्जयिनीच्या विक्रमाशी एकरूप केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनी 'वेताळ पंचविशी' मराठी गद्यात आणली, तेव्हा ती त्याच लोकप्रिय नावाने घरोघर गेली.

ह्या कथाचक्राची चौकट सर्वांना माहीत आहे. तिची यंत्रणा मात्र पुन्हा पाहण्यासारखी आहे. रात्र, स्मशान, शिंशपेच्या झाडाला लोंबकळणारे प्रेत, ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा, आणि त्या प्रेतातून कानाशी बोलणारा आवाज. राजाला वेताळ दिसत नाही. तो त्याच्या पाठीशी आहे. कथा संपते आणि प्रश्न येतो. उत्तर जाणत असूनही राजा बोलला नाही तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला तर वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर जाईल आणि सारी वाटचाल प्रारंभापासून करावी लागेल. मंदारवतीच्या तीन वरांपैकी खरा पती कोण, धड आणि मस्तक ह्यांची अदलाबदल झाल्यावर स्त्री कोणाची, हे प्रश्न स्वतंत्रपणेही इतके समर्थ आहेत की दुसऱ्यावरून टॉमस मान ह्यांनी १९४० साली कादंबरिका लिहिली आणि गिरीश कर्नाडांच्या 'हयवदन'चा पाया त्यावर घातला गेला. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कथांखालचा फाटा. बोलावे की गप्प राहावे, एवढाच तो फाटा आहे आणि प्रत्येक वेळी तोच आहे.

ह्या फाट्याची तीन वैशिष्ट्ये सांगता येतील. दोन्ही बाजूंची किंमत राजाला आधीच सांगितलेली आहे. त्यामुळे त्याची निवड आंधळी नाही. दुसरे असे की ती किंमत चुकविता येत नाही, कारण तिसरी वाट म्हणून काही ठेवलेलेच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवड कृतीची नसून वाणीची आहे. कानाने ऐकलेल्या गोष्टीला वाणीने उत्तर द्यावयाचे किंवा न द्यावयाचे. श्राव्य माध्यमाला ह्याहून स्वाभाविक विकल्प सुचणे कठीण. प्रचलित बहुशाख भयनाट्यात श्रोत्याला विचारले जाते की डावीकडच्या खोलीत जावयाचे की उजवीकडच्या. त्याला दोन्ही खोल्यांविषयी काही माहीत नसते, कोणती चूक आणि कोणती बरोबर हे ठरविण्याचे साधन नसते, आणि चुकले तर मागे येऊन दुसरी खोली पाहता येते. ही निवड नव्हे, चिठ्ठी उचलणे आहे. चिठ्ठी उचलताना कोणाला भय वाटत नाही. वाटलेच तर कंटाळा.

पुस्तकाचा वाचक अशा वेळी मागील पानात बोट घालून ठेवतो आणि वाट अप्रिय निघाली की परततो. उच्चारलेला शब्द मात्र परत घेता येत नाही, हे व्यवहारातही माणसाला ठाऊक असते. श्राव्य नाट्याने ह्या अपरिवर्तनीयतेचा लाभ घ्यावयास हवा. तो न घेता पुस्तकातील युक्ती जशीच्या तशी आवाजात उचलणे म्हणजे खाणीतल्या अंधारात नकाशा टांगण्यासारखे आहे.

राजाच्या मौनाचा येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे. तेवीस वेळा तो उत्तर देतो आणि तेवीस वेळा परत फिरतो. चोविसाव्या कथेत पिता आणि पुत्र ह्यांनी अनुक्रमे कन्या आणि तिची माता ह्यांच्याशी विवाह केल्यावर त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न येतो आणि राजाला उत्तर सापडत नाही. तो गप्प चालत राहतो. आधीची तेवीस उत्तरे त्याच्या बुद्धीची होती. हे मौन त्याच्या मर्यादेचे आहे, आणि वेताळ प्रसन्न होतो तो ह्या मौनावर. तेथून कथा खऱ्या अर्थाने वळते: क्षान्तिशील भिक्षूचा कपटी हेतू राजाला कळतो, आणि साष्टांग नमस्कार कसा घालावा हे आधी दाखवावयास सांगून तो त्याचा वध करतो. म्हणजे सर्व चक्रात निर्णायक शाखा उघडते ती न बोलण्याने.

आधुनिक यंत्रणा ह्या मौनाचे काय करते? २०१८ सालच्या डिसेंबरात आलेल्या 'बँडरस्नॅच' ह्या चित्रपटात प्रेक्षकाला निवडीसाठी सुमारे दहा सेकंद मिळत. त्याने काही केले नाही तर चित्रपट स्वतःच एक वाट धरून पुढे जाई. तांत्रिक दृष्ट्या ही सोय निर्दोष आहे. वाङ्मयीन दृष्ट्या तिचा अर्थ असा होतो की प्रेक्षकाचे गप्प राहणे हे उत्तर म्हणून मोजलेच गेले नाही. बी.बी.सी.ने २०१७ साली 'द इन्स्पेक्शन चेंबर' हे घरगुती बोलक्या यंत्रांसाठीचे नाट्य प्रसृत केले; त्यात श्रोता हाच तपासणीचा विषय असलेले पात्र होता आणि त्याला स्वतः बोलून भाग घ्यावा लागे. ते विनोदी वळणाचे होते, आणि विनोदात गप्प राहणारा श्रोता हा केवळ खोळंबा असतो. भयनाट्यात तसे नाही. अंधारातून विचारलेल्या प्रश्नाला जो उत्तर देत नाही तो सर्वांत जास्त घाबरलेला असण्याचा संभव आहे. त्याच्या मौनाला यंत्राने 'प्रतिसाद मिळाला नाही' असे म्हणून प्रश्न पुन्हा वाचून दाखवावा, ह्यासारखा रसभंग दुसरा नाही.

रसभंगाचा उल्लेख आला तेव्हा ह्या प्रकाराविरुद्धच्या एका मूलभूत आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगताना देशकालविशेषाच्या आवेशाचा समावेश केला आहे; हे दुःख माझे आहे किंवा अमक्याचे आहे अशी बुद्धी जागी राहिली की साधारणीकरण होत नाही आणि रस लौकिक भावनेच्या पातळीवर उतरतो. बहुशाख नाट्य तर श्रोत्याला सतत सांगत असते की तू दार उघडलेस, तुझ्यामुळे हे झाले. मग त्याला मिळते ती भयानकाची प्रतीती की साधी भीती? आक्षेप वजनदार आहे, आणि पुष्कळसे प्रचलित लेखन त्याला बळी पडते. दचकविण्यासाठी कानात अकस्मात किंकाळी सोडणे ही केवळ शरीराची प्रतिक्रिया मिळविण्याची युक्ती होय. तिचा रसाशी संबंध नाही. परंतु वेताळकथेची योजना ह्या आक्षेपातून मार्ग दाखविते. तेथे राजाला विचारले जाते ते दुसऱ्याच्या कथेविषयी. अपराध कोणाचा, पती कोण, अधिक थोर कोण, हे निर्णय परक्या माणसांविषयीचे आहेत. किंमत मात्र राजा देतो. श्रोता न्यायाधीश म्हणून कथेत शिरतो आणि न्याय देण्याचे दायित्व त्याच्या खांद्यावर बसते. निर्णयाचा विषय परका असल्यामुळे साधारणीकरणाला वाव राहतो, आणि दायित्व स्वतःचे असल्यामुळे भय सुटत नाही. शिवाय ज्याला भय वाटावे असा राजा स्वतः उत्तमप्रकृती आहे. तो भीत नाही. भितो तो ऐकणारा.

मराठीत असे नाट्य लिहिणाऱ्यापुढे एक अडचण आणखी आहे, आणि ती निव्वळ व्याकरणाची असली तरी तिचे परिणाम दूरवर जातात. श्रोत्याला 'तू' म्हटले की क्रियापद त्याचे लिंग विचारते. 'तू आलास' की 'तू आलीस'? 'तू चालतोस' की 'चालतेस'? इंग्रजी लेखकाला ही चिंता नाही. त्याच्याकडून रचना उसनी घेणारा मराठी लेखक पहिल्याच वाक्यात अडतो. 'तुम्ही'चा आश्रय घेतला तर अडचण बरीचशी टळते, पण त्याबरोबर एक सभ्य अंतर येते, आणि स्मशानातील आवाजाने आदरार्थी बोलावे हे हास्यास्पद होण्याचा धोका असतो. वेताळ राजाला एकेरीतच हाक मारतो. तथापि मराठीच्या प्रयोगव्यवस्थेत ह्यावर उपाय आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते: 'तू दार उघडलेस', 'तू दिवा मालवलास', 'तू हाक ऐकलीस.' येथे कर्ता स्त्री की पुरुष हे प्रकट होत नाही. अनुभवाची वाक्ये तर कर्त्याला चतुर्थीत नेऊन बसवितात: 'तुला ऐकू आले', 'तुला थांबावे लागले.' आज्ञार्थ आणि भविष्यकाळही निर्लिंग आहेत.

ही केवळ पळवाट नाही. कर्मणी प्रयोगात दार, दिवा आणि हाक ह्या वस्तू क्रियापदावर सत्ता गाजवितात, आणि चतुर्थीच्या वाक्यात घटना माणसावर येऊन आदळते. तो ती करीत नाही. भयाचा अनुभव नेमका असाच असतो. भाषेच्या बंधनामुळे मराठी लेखकाला अशी एक शैली हाती येते की जिच्यात श्रोता कृती करीत असूनही स्वामी राहत नाही. बहुशाख भयनाट्याच्या मराठी लेखनात ह्या शक्यतेचा जाणीवपूर्वक उपयोग झाला तर ते अनुवादित वाटणार नाही.

आता शाखांच्या गणिताकडे वळावयाचे. एका भागात पाच फाटे ठेवले, प्रत्येक फाट्याला दोनच वाटा दिल्या आणि कोणतीही वाट दुसरीला मिळू दिली नाही, तर बत्तीस शेवट होतात आणि लिहावयाचे तुकडे त्रेसष्ट. प्रत्येक तुकडा तीन मिनिटांचा धरला तर तीन तासांहून अधिक ध्वनिमुद्रण करावे लागते, आणि श्रोत्याच्या वाट्याला येतात अठरा मिनिटे. प्रत्येक फाट्यानंतर वाटा पुन्हा एकत्र आणल्या तर अकरा तुकड्यांत आणि तेहतीस मिनिटांत काम भागते. पण मग श्रोत्याला कळून चुकते की काहीही निवडले तरी फरक पडत नाही. १९६७ साली माँट्रिअलच्या प्रदर्शनात दाखविलेल्या 'किनोऑटोमॅट' ह्या चेकोस्लोव्हाकियाच्या चित्रपटात प्रेक्षक मतदानाने वाट ठरवीत, आणि वाटा पुन्हा एकत्र येऊन शेवट एकच राही. तेथे तो उपरोध होता. भयनाट्यात तो उपरोध म्हणून चालणार नाही.

वेताळकथेने तिसरा मार्ग दाखविला आहे, आणि महाराष्ट्राच्या लोकसमजुतीत त्याला स्वतःचे नाव आहे: चकवा. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बांधापाशी, त्याच झाडाखाली येतो. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर ही एकाच तुकड्याची पुनरावृत्ती होय. लेखकाचे श्रम वाचतात. परंतु श्रोत्याच्या दृष्टीने तोच तुकडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो तोच राहिलेला नसतो. पहिल्या खेपेला रातकिड्यांचा आवाज ही पार्श्वभूमी असते. तिसऱ्या खेपेला तो थांबला की श्रोत्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. पुनरावृत्तीत एखादाच स्वर बदलणे हे भरताच्या विकृत रवाचे अत्यंत मितव्ययी रूप म्हणता येईल. चुकीची शाखा म्हणजे मरण, असा जो संकेत ह्या प्रकारात रूढ होत आहे त्याहून 'चुकीची शाखा म्हणजे परत त्याच जागी' हा संकेत अधिक भयप्रद आहे. मेलेल्या श्रोत्याची सुटका होते.

हीच गोष्ट मराठी गूढकथेच्या परंपरेशी ताडून पाहण्यासारखी आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांनी ह्या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मतकरींच्या गूढकथेचे बळ पुष्कळदा शेवटाच्या कलाटणीत असते. त्या एका ओळीने मागचे सारे कथन उलट दिशेने उजळते. एकाच शेवटासाठी सारी कथा रचलेली असते तेव्हाच हे साधते. बत्तीस शेवटांपैकी प्रत्येकाने मागील कथनाला असे उजळावे ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून मतकरींच्या वळणाची कथा शाखांत फोडू नये. ती फुटली की तिचा प्राण जातो. धारपांच्या कथांतील हळूहळू साचत जाणारे वातावरण मात्र पुनरावृत्तीच्या रचनेला अधिक मानवेल.

येथे पुन्हा नृसिंहाच्या आख्यानाकडे यावे लागते. हिरण्यकशिपूने मागितलेला वर म्हणजे विकल्पांची यादीच आहे. मनुष्य की पशू, दिवस की रात्र, घरात की बाहेर, भूमीवर की आकाशात, शस्त्राने की अस्त्राने: प्रत्येक जोडीतील दोन्ही बाजू त्याने बंद केल्या. फाटे मोजून सर्व वाटा अडविल्या की सुरक्षितता आली, अशी त्याची समजूत. यादीत उंबरठा राहिला, तिन्हीसांज राहिली, मांडी राहिली. वराचा एकही शब्द मोडला गेला नाही, आणि तरीही जे यावयाचे ते आले. विकल्प मांडणाऱ्या लेखकाला ह्याहून चांगला पाठ मिळणे कठीण आहे. श्रोत्यासमोर दोन वाटा ठेवाव्या आणि भय त्या दोहोंमधल्या जागेतून यावे. पण दिलेला शब्द अक्षरशः पाळला जावा. दार बंद केले तर कोणी आत येणार नाही असे सांगितले असेल, तर कोणी आत येता कामा नये. ते आधीपासून आत असू शकते. अशी युक्ती मात्र एका भागात एकदाच करावी. दुसऱ्यांदा केली की श्रोता विकल्पांवरचा विश्वास टाकतो आणि मग त्याला भिवविण्याचे साधनच उरत नाही.

ह्या तत्त्वांवर एखादा भाग कसा उभा राहील ह्याची कल्पना करून पाहता येईल. परळीकडे जाणारी गाडी निघून गेली आहे, पोखर्णीच्या फलाटावर एकच प्रवासी उतरला आहे आणि तिन्हीसांज आहे. गावाकडच्या वाटेवर त्याला मागून नावाने हाक येते. रात्री मागून आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये ही समजूत गावोगाव आहे. त्यामुळे फाट्याची किंमत श्रोत्याला वेगळी सांगावी लागत नाही, ती त्याने आजीकडूनच ऐकलेली असते. ओ द्यावयाची की गप्प चालावयाचे? ओ दिली तर हाक मारणारा जवळ येतो, ओळखीच्या आवाजात एक हकीकत सांगतो, आणि तिच्या अखेरीस अपराध कोणाचा असे विचारतो. उत्तर दिले की रूळांचा तो दूर जाणारा खडखडाट पुन्हा ऐकू येतो आणि प्रवासी पुन्हा फलाटावर असतो. गप्प राहिले तर हाक दुसऱ्यांदा येते, आता थोडी पुढून.

असा भाग लिहिताना कसोटी लागते ती प्रश्नाच्या आधीच्या हकीकतीची. अपराधी कोण हे उघड असेल तर श्रोता झटकन उत्तर देऊन मोकळा होतो. मुळीच कळण्यासारखे नसेल तर त्याचे उत्तर पुन्हा चिठ्ठी उचलण्यासारखे होते. शेतीच्या वाटणीत मागे राहिलेली विधवा भावजय, तिला दिलेला शब्द, आणि तो शब्द मोडताना गप्प बसलेला तिसरा माणूस, अशी काही गोष्ट असेल तर तिच्यात न्याय करावासाही वाटतो आणि करवतही नाही. श्रोत्याला तिसऱ्या माणसाचे मौन आणि आपण नुकतेच पाळलेले मौन ह्यांतील साम्य कोणी सांगू नये. ते त्याच्या कानावर आपोआप पडावे. आणि गप्प राहणाऱ्या श्रोत्यासाठी लिहावयाचा तुकडा सर्वांच्या शेवटी, सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहावा. त्यात संवाद जवळजवळ नसणार. मातीच्या रस्त्यावरची पावले, त्यांच्यात मिसळलेली आणि किंचित मागे पडणारी दुसरी पावले, आणि श्रोता थांबला आहे असे गृहीत धरून त्याही थांबण्याचा अवकाश. हा अवकाश किती सेकंदांचा असावा हे संहितेच्या समासात लिहिले गेले पाहिजे; ते ध्वनिमुद्रकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही.